भूक नसलेल्या माशासाठी गळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इयरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार. बोलताना राहून गेलेले काही तपशील यात घातलेत.

आजचा प्रश्न सोपा वाटतो. मासा पकडायचा तर गळाला काय लावायचं? उत्तर आपल्याला माहीत आहे: त्याला जे खायला आवडतं ते. कोकणात गरवायला जाणारा कुणीही हेच सांगेल. कोळंबी लाव, गांडूळ लाव, कणकेची गोळी लाव. पण समजा मासा असा आहे, की जो नदीत येतो तेव्हा जवळपास उपाशीच असतो, आणि तरीही त्याला भूक नसते. मग गळाला काय लावायचं? दोरी कसली, काठी कसली, वेळ कोणती?

या एका प्रश्नावर ब्रिटनमध्ये साडेतीनशे वर्षं डोकेफोड झाली. त्यातून कायदे झाले, दंगे झाले, गयानाच्या जंगलातलं लाकूड आणि आपल्या सह्याद्रीतल्या कोंबड्याची पिसं तिकडच्या नद्यांपर्यंत पोचली. आज हीच गोष्ट: शरद ऋतूत समुद्रातून नदीत चढणारा ट्राउट, आणि त्याच्यासाठी निवडलेलं सामान.

चढणीचा मासा

आपल्याकडे ‘चढणीचे मासे’ हा शब्द आहे. पहिला दणकून पाऊस झाला, ओढे फुगले, की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, थेट भातखाचरांपर्यंत. कोकणात याला वलगण म्हणतात. पोटात गाभोळी भरलेली असते आणि त्यांना अंडी घालायला उथळ, शांत जागा हवी असते.

सी ट्राउट हा तसाच चढणीचा मासा. फरक इतकाच, की तो खाऱ्या पाण्यातून गोड्यात येतो आणि त्याचा पाऊसकाळ म्हणजे उन्हाळ्याचा शेवट आणि शरद. अंडी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या आसपास, नदीच्या वरच्या अंगाला, थंड पाण्यातल्या खडीत घातली जातात. मादी शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी सोडते आणि वर पुन्हा खडी ओढते. दर किलो वजनामागे साधारण दीड-दोन हजार अंडी.

गंमत अशी, की हा वेगळा मासा नाहीच. नदीत आयुष्यभर राहणारा तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचा ब्राउन ट्राउट आणि समुद्रातून येणारा चंदेरी सी ट्राउट ही एकच जात: साल्मो ट्रुटा. एकाच घरट्यातली दोन पिल्लं. एक नदीतच राहतं, दुसरं दोन-तीन वर्षांचं झालं की समुद्राकडे निघतं. समुद्रात खाणं भरपूर, म्हणून वाढ भराभर. जाणाऱ्यांत माद्यांचं प्रमाण जास्त असतं, कारण मोठं शरीर म्हणजे जास्त अंडी. आपल्याकडे घराघरांत एक भाऊ गावी शेती बघतो आणि दुसरा मुंबईला जातो, तसंच काहीसं. फक्त इथे मुंबईला जास्त करून बहिणी जातात, आणि परत येतात त्या चांगल्या गुटगुटीत होऊन.

हे कळायला फार वेळ लागला. लिनिअसने १७५८ मध्ये याच माशाला तीन वेगवेगळ्या जातींची नावं दिली होती. लोकांनी तर आणखी नावं ठेवली. वेल्समध्ये स्यूइन, डेव्हनमध्ये पील, आयर्लंडमध्ये व्हाइट ट्राउट, स्कॉटलंडमध्ये लहान माशांना फिनक किंवा हर्लिंग. पुढे खवल्यांचा अभ्यास सुरू झाला. झाडाच्या खोडात वर्षं मोजतात तशी खवल्यावर वलयं मोजता येतात: किती वर्षं नदीत, किती समुद्रात, किती वेळा अंडी घातली. जी. एच. नॉल यांनी १९३० मध्ये या मोजणीवर उभं असलेलं सी ट्राउटच्या आयुष्याचं पुस्तक काढलं. त्यातून एक महत्त्वाची गोष्ट ठसली: हा मासा अंडी घातल्यावर मरतोच असं नाही. पॅसिफिक महासागरातले सॅमन एकदाच नदीत येतात आणि संपतात. सी ट्राउटमधले बरेच परत समुद्रात जातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

एकच जात असल्याचा आणखी एक पुरावा इंग्रजांनी नकळत उभा केला. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ नावाच्या जहाजातून, बर्फात आणि शेवाळात गुंडाळून, सॅमनची आणि थोडी ट्राउटची अंडी ऑस्ट्रेलियाला आणि तिथून टास्मानियाला नेली. सॅमन तिथे काही रुजला नाही. ट्राउट मात्र रुजला. ती अंडी इंग्लंडच्या नद्यांतल्या साध्या ब्राउन ट्राउटची होती, पण त्यांची पुढची पिढी तिथल्या नद्यांतून आपणहून समुद्रात जायला लागली. आपल्याकडे काश्मीरमध्येही इंग्रजांनी १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउट आणून सोडला. तो आजही तिथे आहे, पण नदीतच. खाली येईपर्यंत पाणी त्याला सोसणार नाही इतकं तापलेलं असतं.

वॉल्टनचा प्रश्न

आता मूळ मुद्द्याकडे. १६५३ मध्ये इझाक वॉल्टन नावाच्या लंडनच्या माणसाने ‘द कम्प्लीट अँगलर’ हे पुस्तक छापलं. त्यात केंट परगण्यातल्या फॉर्डविच गावच्या एका खास ट्राउटचा उल्लेख येतो. तो वर्षातला बराच काळ समुद्रात असतो, थोडे महिने नदीत येतो आणि गळाला सहसा लागत नाही. सर जॉर्ज हेस्टिंग्ज नावाच्या गृहस्थांनी असा एक पकडला होता. त्यांचं मत असं, की त्याने भुकेने नाही, खोडसाळपणाने गळ तोंडात घेतला. त्यांनी आणि इतरांनी या माशांची पोटं फाडून पाहिली, आत खाणं सापडलं नाही.

हा सी ट्राउटच होता, याबद्दल आज फारशी शंका नाही. आणि हेस्टिंग्जसाहेबांनी जो प्रश्न विचारला, त्याच्याभोवतीच पुढचा सगळा इतिहास फिरतो.

त्या काळी सामान काय होतं? चार-पाच मीटरची लाकडी काठी. दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची, काठीजवळ बरेच केस पिळून जाड आणि गळाकडे कमी करत करत बारीक. केस घोड्याचेच हवेत, घोडीचे नको, असं मानत, कारण घोडीच्या शेपटीवर लघवी उडून केस कमजोर होतात. बऱ्याच जणांकडे रीळ नव्हतंच. दोरी थेट काठीच्या टोकाला बांधलेली. मोठा मासा लागला आणि ओढायला लागला तर काय करायचं? काठीच पाण्यात टाकून द्यायची, दमला की जाऊन उचलायची. ज्यांनी गावच्या तळ्यावर बांबूच्या काठीला दोरी बांधून मासे धरलेत, त्यांना हे सामान नवं वाटणार नाही. आमिष मात्र ‘फ्लाय’: गळाभोवती पिसं आणि रेशीम बांधून केलेला खोटा किडा.

मशाल, भाला आणि गाभोळी

पण थांबा. हे सगळं सभ्य लोकांचं सामान. नदीकाठच्या बहुसंख्य गरीब लोकांनी हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीने सोडवला होता. मासा गळ घेत नाही? मग गळ लावायचाच कशाला?

शरद ऋतूत मासे उथळ पाण्यात अंडी घालायला जमतात. रात्री मशाल पेटवायची, प्रकाशात मासे दिसतात, आणि अनेक टोकांच्या भाल्याने भोसकायचं. स्कॉटलंडमधल्या ट्वीड नदीवर याला ‘पाणी जाळणं’ म्हणत. विल्यम स्क्रोप यांच्या १८४३ च्या पुस्तकात त्याची साग्रसंगीत वर्णनं आहेत. सॅमन असो की सी ट्राउट, ज्याच्या पाठीवर भाला बसला तो घरी गेला.

दुसरी युक्ती आपल्याला जास्त ओळखीची: गाभोळी. विणीला आलेल्या मादीची अंडी काढायची, मीठ लावून टिकवायची, आणि तीच आमिष म्हणून गळाला लावायची. नदीतल्या ट्राउटला याहून मोहात पाडणारं आमिष नव्हतं. म्हणजे एका माशाची पुढची पिढी मारून दुसरा मासा पकडायचा.

१८६१ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी सॅमन मासेमारीचा कायदा झाला. त्याने मासेमारीसाठी मशाल बंद केली, भाला बंद केला, आणि माशाच्या अंड्यांचं आमिषही बंद केलं. विणीच्या हंगामात बंदी आली, तपासनीस आले. आपल्याकडे महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते, त्यामागचा विचार तोच: विणीच्या वेळी हात आखडता घ्या.

विचार बरोबर होता. पण कायदा कुणाच्या ताटावर पडला हेही बघायला हवं. फ्लायची काठी कायदेशीर राहिली, भाला बेकायदा झाला. आणि नदीकाठ कुणाचा? जमीनदाराचा. त्याची काठी, त्याची नदी, त्याचा हंगाम. गरीब शेतमजुराला हिवाळ्यासाठी खारवून ठेवायला जो मासा मिळायचा, तो गेला.

वेल्समध्ये याच्यावर दंगे झाले. १८३९ ते १८४३ या काळात तिथे टोलनाक्यांविरुद्ध ‘रिबेका’ नावाने आंदोलन झालं होतं. पुरुष बायकांचे कपडे घालून, तोंडाला काळं फासून नाके तोडायचे. १८७० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढच्या दशकात रिबेका परत आली, या वेळी वाय नदीच्या वरच्या भागात, रायडर गावाच्या आसपास. त्याच वेशात, मशाली घेऊन, तपासनीसांच्या डोळ्यांदेखत टोळ्या नदीत उतरायच्या आणि सॅमन भाल्याने मारायच्या. भूक होती हे खरं. पण नदी आमचीही आहे, हे सांगायची ती पद्धत होती.

मला हा प्रसंग या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मासेमारीचं सामान म्हणजे फक्त आवड आणि खर्च यांचा हिशोब नसतो. कोणतं सामान ‘योग्य’, हे ठरवणारा कुणीतरी असतो, आणि त्या निर्णयाची किंमत दुसरंच कुणीतरी भरतो.

एका काठीत अख्खं जग

ज्यांची काठी कायदेशीर राहिली, त्यांच्या सामानात एकोणिसाव्या शतकात काय काय आलं, ते बघा.

काठीसाठी ग्रीनहार्ट. हे गयानाच्या जंगलातलं लाकूड, इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. गोद्या आणि जहाजं बांधायला आणलेलं, पण त्याची लांब, लवचीक काठी उत्तम व्हायची. मग बांबू. अमेरिकेत १८४० च्या दशकात सॅम्युअल फिलिप यांनी बांबू उभा चिरून, पट्ट्या एकमेकींना चिकटवून काठी बनवायला सुरुवात केली. सुरुवातीचा बांबू कलकत्त्याहून जायचा, आणि व्यापारात त्याचं नावच ‘कलकत्ता केन’ होतं. पुढे दक्षिण चीनमधल्या जास्त सरळ आणि टणक बांबूने त्याला मागे टाकलं.

गळाजवळच्या पारदर्शक दोरीसाठी रेशमाचा किडा. नाही, रेशीम नाही, किडाच. स्पेनमधल्या मुर्सिया भागात कोश विणायच्या बेतात असलेले किडे व्हिनेगरमध्ये टाकत आणि त्यांच्या पोटातली रेशमाची ग्रंथी बाहेर काढून ताणत. त्याची चिवट, चमकदार तार व्हायची. वापरण्यापूर्वी ती पाण्यात भिजवायची, नाहीतर गाठ मारताना तुटायची. १९३८ मध्ये ड्यूपाँट कंपनीने नायलॉन जाहीर केलं आणि काही वर्षांत हा धंदा बसला. आपण ज्याला तंगूस म्हणतो, ती नायलॉनची दोरी या किड्यांच्या जागेवर आली.

आणि पिसं. इथे गोष्ट आपल्या दारात येते.

सह्याद्रीत पहाटे फिरलेल्यांनी राखी रानकोंबड्याची बांग ऐकली असेल. त्याच्या मानेवरच्या पिसांवर पिवळट-पांढरे, मेणाचा थेंब वाळल्यासारखे चकाकते ठिपके असतात. असं पीस फ्लायच्या दोन्ही बाजूंना बांधलं, की पाण्यात तो ठिपका छोट्या माशाच्या डोळ्यासारखा दिसतो. व्हिक्टोरियन काळातल्या सॅमन आणि सी ट्राउटच्या कितीतरी फ्लायमध्ये हे ‘जंगल कॉक’ लागायचंच. हा पक्षी फक्त भारतीय द्वीपकल्पात मिळतो. म्हणजे स्कॉटलंडच्या नदीत ट्राउटला दिसणारा तो खोटा डोळा इथल्या जंगलातून गेलेला असायचा.

तेव्हा पिसांचा व्यापार प्रचंड होता, मुख्यतः बायकांच्या टोप्यांसाठी. १९०२ मध्ये ब्रिटिश भारत सरकारने पक्ष्यांची कातडी आणि पिसं निर्यात करायला बंदी घातली. मागणी मात्र थांबली नाही. आज १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली राखी रानकोंबडा संरक्षित आहे आणि ब्रिटनमध्ये वापरली जाणारी पिसं तिथेच पाळलेल्या पक्ष्यांची असतात.

या पिसांचं वेड कुठवर जातं त्याचा एक नमुना. जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग इथल्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून पक्ष्यांची २९९ कातडी चोरीला गेली. त्यात आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दीडशे वर्षांपूर्वी जमवलेले पक्षीही होते. चोर निघाला बासरी शिकणारा एक तरुण. त्याला जुन्या पद्धतीच्या फ्लाय बांधायचा नाद होता. त्या फ्लाय मासे पकडायला नव्हत्याच, शोकेससाठी होत्या. मासा तर कधीच गोष्टीतून निघून गेला होता!

गिरणीतली कांडी आणि एक आकडा

विसाव्या शतकात सामान सर्वसामान्यांच्या आवाक्यात आलं. त्याची दोन कारणं मला, एक सॉफ्टवेअरवाला म्हणून, फार आवडतात.

पहिलं कारण १९०५ चं. ब्रॅडफर्डच्या लोकरीच्या गिरणी-व्यवसायातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी एका रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीत कांडी स्थिर असते आणि सूत तिच्या टोकावरून सुळकन निघतं, हे त्यांनी रोज पाहिलेलं. तोपर्यंत रीळ स्वतः फिरायचं, त्यामुळे हलकं आमिष लांब फेकता यायचं नाही आणि दोरीचा गुंता व्हायचा. इलिंगवर्थनी रीळ स्थिर ठेवलं आणि दोरी टोकावरून सुटू दिली. आज आपल्याकडे ऑनलाइन मागवता ते स्वस्तातलं स्पिनिंग रीळ याच कल्पनेचं नातवंड. गिरणगावात ज्यांचे आजोबा साच्यावर होते, त्यांना हे एका नजरेत कळलं असतं.

दुसरं कारण १९६१ चं: एक आकडा. फ्लाय इतकी हलकी असते की ती फेकता येत नाही. फेकली जाते ती जाड, वजनदार दोरी, आणि फ्लाय तिच्यामागे जाते. म्हणून काठी आणि दोरी एकमेकींना जुळायलाच हव्यात. आधी प्रत्येक कंपनीचं माप वेगळं. मग अमेरिकेतल्या उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं, की दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन मोजायचं आणि त्याला १, २, ३ असे क्रमांक द्यायचे. ७ नंबरची दोरी, म्हणजे त्या तुकड्याचं वजन साधारण १२ ग्रॅम. ७ नंबरची काठी घ्या, कुठल्याही कंपनीची ७ नंबरची दोरी लावा, चालणार. यालाच आम्ही इंटरफेस म्हणतो. दोन्ही बाजूंनी एका आकड्यावर सहमती केली, आणि गल्लीतल्या दुकानातला सल्ला नसतानाही नवशिक्याला सामान निवडता यायला लागलं.

अंधारातला माणूस

सामान सुधारलं. हेस्टिंग्जसाहेबांचा प्रश्न मात्र तसाच होता. न खाणारा मासा गळ का घेतो?

त्याच्या मागे सगळ्यात जास्त लागलेला माणूस म्हणजे ह्यू फॉल्कस. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानाचा पायलट, मग युद्धकैदी, नंतर लेखक आणि चित्रपटकार. उत्तर इंग्लंडमधल्या कंब्रियात, एस्क नदीकाठी तो राहायचा. १९६२ मध्ये त्याचं ‘सी ट्राउट फिशिंग’ आलं आणि या विषयाचं ते जवळजवळ प्रमाण पुस्तक झालं.

फॉल्कसचं म्हणणं: उन्हाळ्यात, स्वच्छ पाण्यात सी ट्राउट दिवसा प्रचंड बुजरा असतो, म्हणून तो रात्रीच धरायचा. रात्रीचेही त्याने भाग पाडले. अंधार पडल्यावर पहिला डाव, मग मध्यंतर, मग दुसरा डाव. पहिल्या डावात मासे वरच्या थरात असतात, दुसऱ्या डावात ते खाली बसतात. मग दोरी बुडणारी, आमिष लांबट आणि बारीक, हळूहळू तळाजवळून.

फॉल्कसने प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गन यांच्यासोबत समुद्रपक्ष्यांवर फिल्म केली होती. टिनबर्गन यांना १९७३ मध्ये नोबेल मिळालं. त्यांचा एक गाजलेला प्रयोग: कुरव पक्ष्याचं पिल्लू आईच्या चोचीवरच्या लाल ठिपक्यावर टोचा मारतं. चोचीऐवजी लाल खुणेची नुसती काडी दाखवली तरी ते टोचतं. म्हणजे भूक वेगळी आणि खूण दिसल्यावर उसळणारी प्रतिक्रिया वेगळी. मला वाटतं, १६५३ च्या प्रश्नाचं उत्तर इथेच कुठेतरी आहे. सी ट्राउट समुद्रात महिनोन्‌महिने छोट्या चंदेरी माशांवर झडप घालत जगलेला असतो. नदीत पोट बंद झालं तरी झडपेची सवय लगेच जात नाही. निळं पीस आणि चांदीची तार गुंडाळलेली ‘टील ब्लू अँड सिल्व्हर’ ही जुनी फ्लाय आजही चालते, कारण ती समुद्राची आठवण करून देते. नदीत दोन-तीन महिने झालेल्या माशाला दुसरी गोष्ट चिडवते: कुणीतरी आपल्या जागेत घुसतंय.

मग शरदात घ्यायचं काय?

आता हे सगळं गणित शरद ऋतूला लावू. पाणी थंड होतं, साधारण दहा अंशांच्या खाली गेलं की मासा वर यायचा कंटाळा करतो. पाऊस पडून नदी चढते, गढूळ होते, आणि झाडांची पानं गळाला अडकायला लागतात. सगळ्यात चांगली वेळ म्हणजे पूर ओसरताना, पाणी दुधाळ चहावरून कोऱ्या चहावर येतं तेव्हा. अशा पाण्यात मासा दिवसाही धीट असतो.

म्हणून काठी साधारण १० फुटी, ७ नंबरची. लांब काठीने दोरी प्रवाहावर नीट सांभाळता येते, आणि जड, ओली फ्लाय वाऱ्यात फेकता येते. दोरीचं टोक बुडणारं, कारण मासा खाली आहे. फ्लाय उन्हाळ्यापेक्षा मोठी, गढूळ पाण्यात काळी किंवा लालसर, पाणी निवळलं की चंदेरी. गळाजवळची तंगूस ८ ते १० पौंड ताण सहन करणारी. पाणी फारच चढलेलं असेल तर इलिंगवर्थच्या नातवंडावर छोटा फिरता स्पिनर.

इथपर्यंत कुठलाही दुकानदार सांगेल. पण आज यादी इथे संपत नाही.

१९८९ च्या सुमारास आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सी ट्राउट अचानक कोसळला. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, लॉक मरीसारख्या एकेकाळी जगभरातून लोक येणाऱ्या जागेवरही तेच झालं. किनाऱ्याजवळच्या सॅमन शेतीत वाढणाऱ्या समुद्री उवांकडे बोट दाखवलं गेलं आणि त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. त्याशिवाय बंधारे, शेतातून वाहून येणारं खत, तापणाऱ्या नद्या आहेतच. वेल्समध्ये २०२० पासून पकडलेला प्रत्येक सॅमन परत सोडावाच लागतो, आणि सॅमन, सी ट्राउटच्या गळाला उलटा काटा ठेवायचा नाही.

आता मघाची ती गोष्ट आठवा: सी ट्राउट पुन्हा पुन्हा येतो. शरदातली तांबूस-तपकिरी झालेली मादी ही कदाचित तिसऱ्या-चौथ्या वेळेला चढलेली, सगळ्यात जास्त अंडी देणारी. ती मेली तर नदीचं त्या वर्षाचंच नाही, पुढच्या कित्येक वर्षांचं नुकसान.

म्हणून आज सामान निवडताना प्रश्नच उलटा झालाय. साडेतीनशे वर्षं विचारलं गेलं, की हा मासा गळ घेईल कसा? आता विचारायचं, की गळ घेतल्यावर हा जगेल कसा? दोरी जाड घ्या, म्हणजे झुंज लवकर संपते आणि मासा दमून मरत नाही. बारीक दोरीवर मोठा मासा खेळवणं यात मर्दुमकी नाही. एकच गळ, काट्याविना, म्हणजे एका झटक्यात सुटतो. जाळी गाठी नसलेली, म्हणजे खवलं निघत नाहीत. हात ओले, आणि मासा शक्यतो पाण्यातच. फोटोसाठी दहा सेल्फी नाहीत! आणि खडीच्या उथळ पट्ट्यात चालायचं नाही, कारण तिथे आधीच अंडी पुरलेली असू शकतात.

रिबेकाच्या माणसांनी याच्यावर काय म्हटलं असतं, असा विचार माझ्या मनात येतो. त्यांना भूक होती आणि मासा होता. आज काठावर उभं असलेल्याला भूक नाही आणि मासाही फारसा नाही. दोघांच्या मधल्या काळात नदी कुणाची हा वाद कधीच पूर्ण मिटला नाही. पण नदीत मासाच उरला नाही, तर त्या वादालाही अर्थ राहणार नाही.

आपल्याकडेही हेच लागू आहे. पुढच्या पावसात गावी चढणीचे मासे पकडायला जाल, तेव्हा गाभोळीने पोट फुगलेली मादी हाताला लागली, तर तिच्याकडे एकदा नीट बघा. ती वर कशाला निघाली आहे, ते आता तुम्हाला माहीत आहे.

तुमच्याकडे चढणीच्या माशांना काय म्हणतात, आणि ते पकडायला कोणतं सामान वापरतात, ते आम्हाला नक्की कळवा. व्हॉइस नोट पाठवलीत तरी चालेल, आजी-आजोबांच्या आवाजात असेल तर फारच उत्तम. भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!